होड्यांचा कुलवृत्तांत

वंशावळीचा नाद असलेला एखादा तरी गृहस्थ आपल्याकडील बहुतेक घरांत निघतो. माळ्यावरची जुनी दप्तरे चाळावी, नाशकास किंवा त्र्यंबकेश्वरी गेले की तीर्थोपाध्यायांच्या वहीतून आजा-पणजांचे लेख उतरून घ्यावे, प्रवासात कोणी आडनावबंधू भेटला तर गोत्र, मूळ गाव व कुलस्वामी विचारून त्याची शाखा आपल्या शाखेशी जुळते की काय ते पाहावे, हा त्याचा उद्योग. घरची मंडळी त्याला हसतात, आणि सोयरिकीच्या वेळी सगोत्राची शंका निघाली म्हणजे धावत त्याच्याकडेच येतात. आमच्या घरी ही कामगिरी गेली वीस-पंचवीस वर्षे आमच्याकडे आहे. कुलवृत्तांताची पहिली आवृत्ती आमच्या चुलत्यांनी सिद्ध केली होती. दुसरीची जुळवाजुळव आम्ही करीत आहोत.

परंतु माणसांप्रमाणे होड्यांनाही कुळे असतात, त्यांच्यांतही थोरली पाती व धाकटी पाती असते, दत्तकविधान असते, आणि चारचौघांत ज्यांचा उच्चार करावयाचा नाही असे संबंधही असतात, हे आम्हांस अगदी अलीकडे कळले. याला कारण झाले आमचे पुतणे. नोकरीनिमित्त ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतात राहतात. तेथे समुद्रकाठच्या एका गावी त्यांनी फायबरग्लासची एक जुनी मोटारहोडी विकत घेतली. लांबी सुमारे वीस फूट, यंत्र काढून नेलेले, अंगावर नाव नाही, कारखान्याचा शिक्का नाही. विकणाऱ्याने सांगितले की, ही १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील असून रे हंट या प्रख्यात आकृतिकाराच्या अस्सल घराण्यातील आहे. किंमतही अस्सलपणाला शोभेल अशी घेतली. आमच्या सूनबाईंना हा व्यवहार मान्य नव्हता. त्यांचे म्हणणे असे की, त्या पैशांत मुलांसह दोनदा स्वदेशी येऊन जाता आले असते. तेव्हा पुतण्यांनी आम्हांस कळविले, ‘काका, दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या माणसांचे बाप तुम्ही शोधून काढता. माझ्या या होडीचा बाप तेवढा शोधून द्या.’ सोबत पन्नास-साठ छायाचित्रे होती.

आमचा होडीशी संबंध म्हणाल, तर लहानपणी दाभोळच्या खाडीत तरीने ये-जा केली इतकाच. तथापि शोध करण्याची रीत सर्वत्र एकच. प्रथम मूळ पुरुष कोण ते ठरवावे, मग शाखा लावाव्या, आणि सांगीवांगीच्या गोष्टी व कागदोपत्री पुरावा यांचा घोटाळा होऊ देऊ नये.

या कुळाचा काळ फार जुना नाही. काचेचा बारीक धागा काढून त्याचे कापड विणण्याची विद्या अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात कारखान्यांच्या हाती आली. त्याच सुमारास रसायनशाळांतून पॉलिएस्टरची राळ निघाली, आणि मोठ्या दाबावाचून आपोआप घट्ट होणारी तिची जात सापडताच काच व राळ यांचा विवाह लागला. ओहायो प्रांतातील टोलेडो गावच्या रे ग्रीन याने १९४२ साली या दोहोंची एक लहानशी शिडाची होडी केली, ती या घराण्याच्या मूळ पुरुषांपैकी एक मानतात. आपल्या कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात, तेलपाणी करतात, फटी बुजवितात. लाकडाची ही सारी शुश्रूषा चुकविणारा पदार्थ मिळाल्यावर लोक त्यावर तुटून पडले यात नवल नाही. आरंभीच्या कारागिरांचा मात्र या नव्या वस्तूवर पुरता विश्वास बसला नव्हता. म्हणून त्यांनी गरजेपेक्षा पुष्कळ जाड थर चढविले, आणि त्यामुळेच साठ-साठ वर्षांच्या होड्या आज कोणाच्या तरी अंगणात, वेलींनी वेढलेल्या परंतु धडधाकट अशा सापडतात.

आता कुळाचा प्रश्न जेथे उत्पन्न होतो ती गोष्ट. लाकडाची होडी फळ्या जोडून बांधतात. सुताराने दहा होड्या बांधल्या तर दहाही थोड्याथोड्या निराळ्या होतात. फायबरग्लासची होडी बांधीत नाहीत. ती साच्यातून काढतात. प्रथम लाकडाचा हुबेहूब नमुना करावयाचा, तो आरशासारखा घोटून त्यावर मेण चढवावयाचे, त्यावरून साचा घ्यावयाचा. मग साच्याच्या आत रंगीत राळेचा पहिला हात देऊन, त्यावर काचेच्या कापडाचे थर राळेने भिजवून बसवावयाचे, व सारे आळून कठीण झाले म्हणजे होडी उचलून काढावयाची. आमच्या वाचक भगिनींना यापेक्षा अधिक विवरण नको. मोदकाच्या साच्याचा एखादा टवका उडाला असेल तर त्या दिवशीच्या एकवीसही मोदकांच्या अंगावर त्या जागी एकेक उंचवटा येतो. फायबरग्लासच्या होड्यांचे असेच आहे. साच्याचे गुण व साच्याचे व्रण प्रत्येक अपत्याच्या अंगी उमटतात. कारखान्याचे नाव बदलेल, मालक बदलेल, साचा विकला जाऊन तिसऱ्याच प्रांतात जाईल. तळाची आकृती मात्र आपले कूळ सांगत राहील. नावावरून कूळ ओळखू जाल तर फसाल. होडी उलटी करून पाहिली पाहिजे.

आमच्या पुतण्यांना ज्याचे नाव सांगण्यात आले तो रे हंट १९०८ साली मॅसॅच्युसेट्समध्येच जन्मला व १९७८ साली वारला. नौकाशास्त्राचे रीतसर शिक्षण त्याला नव्हते. शिडाच्या नावा त्याने अशा काढल्या की त्यांतील काही आजही शर्यतीत दिसतात. परंतु मोटारहोडीच्या इतिहासात त्याचे स्थान निराळेच आहे. त्याच्या पूर्वीची वेगवान होडी पुढे धारदार व मागे सपाट असे. शांत पाण्यावर ती सुरेख धावे. लाटा आल्या की सपाट तळ पाण्यावर थाडथाड आपटे, आणि आत बसलेल्यांची हाडे खिळखिळी होत. हंटने पुढची धार तशीच्या तशी मागच्या भिंतीपर्यंत नेली. तळाची प्रत्येक बाजू क्षितिजाशी सुमारे २४ अंशांचा कोन करून उतरू लागली. असा खोल तळ पाण्यात रुतून बसेल, वेग धरणार नाही, ही जाणत्यांची शंका. त्यावर त्याने तळाच्या लांबीने अरुंद उभट पट्ट्या बसविल्या. त्या पाण्याला बाजूस उडवितात व होडीला वर उचलून धरतात.

१९५८ साली न्यूपोर्ट येथे अमेरिका चषकाच्या निवडशर्यती चालू होत्या. ‘व्हिम’ नावाच्या नावेवर डिक बर्ट्रम हा खलाशी म्हणून होता. खवळलेल्या पाण्यातून हंटची २३ फुटी होडी सहज धावत गेलेली त्याने पाहिली, आणि तशीच ३० फुटी आपल्यासाठी करवून घेतली. ती लाकडाची होती. पत्नीच्या लाडक्या नावावरून त्याने तिचे नाव ‘मॉपी’ ठेविले. १९६० च्या मायामी-नसॉ शर्यतीत, सुमारे १८५ मैलांच्या खवळलेल्या समुद्रात, मॉपी आठ तासांत पोहोचली. दुसरी होडी आली ती दोन तासांनी, आणि तीही हंटच्याच आकृतीची. ती हाकीत होता जिम विन. बाकीच्या दुसऱ्या दिवशी आल्या. बर्ट्रमने मग एक गोष्ट केली की, जिच्यामुळे आमच्यासारख्या वंशावळकाराला आनंदाचे भरते यावे. त्याने त्या विजयी लाकडी मॉपीवरूनच साचा घेतला. त्यातून निघालेली फायबरग्लासची पहिली होडी १९६१ ची तीच शर्यत जिंकली, आणि पुढे सुमारे दोन दशकांत अठराशेहून अधिक ३१ फुटी भगिनी जन्मास आल्या. प्रत्येकीच्या अंगी त्या एका लाकडी आईचा तळ आहे. इतकी निर्मळ वंशावळ आमच्या कुलवृत्तांतातील एकाही शाखेला नाही, हे आम्ही मोठ्या कष्टाने मान्य करतो.

याच हंटच्या हातचे दुसरे अपत्य पाहिले तर ते सख्खे भावंड आहे यावर कोणाचा विश्वास बसू नये. डिक फिशर याने १९५८ साली ‘बॉस्टन व्हेलर’ नावाने १३ फुटी होडी बाजारात आणली. तिचे नाक बोथट, तळ जवळजवळ चौकोनी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आल्बर्ट हिकमन याने ‘सी स्लेड’ या नावाने उलट्या धारेच्या तळाची होडी काढली होती. दोन बाजूंना दोन पाय व मध्ये बोगदा, अशी तिची ठेवण. हंटने फिशरसाठी तिच्यावरून आरंभ केला. बोगद्यातील हवा पंख्यापर्यंत जाऊन पंखा पाण्याची पकड सोडी, म्हणून मध्ये तिसरा पाय घालण्यात आला. आतले व बाहेरचे कवच यांच्यामध्ये फेस भरून ते एकजीव केलेले असल्याने ही होडी बुडतच नाही. १९६१ साली ‘लाइफ’ नियतकालिकात छायाचित्रे आली, त्यांत फिशर होडीत बसला आहे, होडी करवतीने दुभंगली आहे, आणि तो अर्ध्या होडीत बसून यंत्र चालू करून निघून गेला आहे. तात्पर्य, एकीचा तळ सुरीसारखा व दुसरीचा पाटासारखा. हात मात्र एकच. रूपावरून भावंडे ठरविणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

याच्या उलटही घडते. रूप सारखे, परंतु कूळ वेगळे. येथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. रेनातो लेव्ही, ज्याला सारे ‘सनी’ म्हणत, तो १९२६ साली कराचीस इटालियन कुटुंबात जन्मला. विमानविद्येचे शिक्षण घेऊन तो मुंबईस परतला, आणि तेथील ‘ॲफ्को’ या घरच्या कारखान्यात वेगवान होड्या करू लागला. १९५० नंतरच्या दशकात मुंबईच्या बंदरातील पाण्यावर त्याने जे प्रयोग केले त्यांतून त्याची ‘डेल्टा’ आकृती वाढली. तिचाही तळ खोल व धारदार. पुढे तो इटलीत गेला. तेथे बांधलेल्या त्याच्या ‘अ’स्पेरांझिएला’ने १९६३ ची काउझ-टॉर्की शर्यत जिंकली, १९८६ साली अटलांटिक महासागर विक्रमी वेळात ओलांडणारी ‘व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर’ ही दुसरी नौकाही त्याच्याच आकृतीची. अरबी गलबतांपासून डेल्टापर्यंतचा आपला प्रवास सांगणारे त्याचे पुस्तक १९७१ साली निघाले. लेव्ही लाकडात काम करीत होता, हंट जगाच्या दुसऱ्या टोकास होता, आणि लाटांनी दोघांनाही साधारण एकच उत्तर दिले. सारांश, २४ अंशांचा कोन आढळला एवढ्यावरून होडी हंटची ठरत नाही. आडनाव एकच असून गोत्र निराळे असलेली घराणी कोणाच्या परिचयाची नाहीत?

हंटचा तळ जगभर पसरला तो मात्र उघडपणे. त्याला आपल्या आकृतीचे पेटंट मिळालेच नाही. इंग्लंडात फेअरी मरीन या कारखान्याने त्याची आकृती त्याच्याशी करार करून घेतली. मायामीत डॉन ॲरोनो या धाडसी गृहस्थाने १९६२ साली ‘फॉर्म्युला’ काढली. तिचा आकृतिकार तोच जिम विन, जो मॉपीच्या मागे दुसरा आला होता, आणि त्याचा सहकारी वॉल्ट वॉल्टर्स. ॲरोनो कारखाना काढी, नावारूपास आणी, विकून टाकी व त्याच रस्त्यावर दुसरा काढी. फॉर्म्युलानंतर ‘डोन्झी’, तिच्यामागून ‘मॅग्नम’, मग ‘सिगारेट’. चार नावे, एका रस्त्यावरची बिऱ्हाडे. त्याच रस्त्यावर १९८७ च्या फेब्रुवारीत त्याचा गोळ्या घालून खून झाला. त्या कथेला येथे स्थान नाही. परंतु जुन्या होड्यांचे शौकीन त्या चार नावांत भावकी शोधीत बसतात ती का, हे यावरून समजेल.

करार करून दिलेली आकृती म्हणजे दत्तकच. देणारा आहे, घेणारा आहे, साक्षी आहेत. परंतु आणखी एक मार्ग आहे. दुसऱ्याची तयार होडी बाजारातून विकत आणावयाची, तिला घासूनपुसून मेण लावावयाचे, आणि तिच्याच अंगावरून साचा घ्यावयाचा. नमुना करण्यात दुसऱ्याने घातलेली वर्षे व पैसा एका आठवड्यात आपल्या पदरात पडतो. तिकडचे कारागीर याला ‘स्प्लॅश’ म्हणतात. आकृती थोडी निराळी भासावी म्हणून साचा मध्ये कापून बोटभर रुंद करतात, किंवा मागे फूटभर तुकडा जोडतात. हा प्रकार इतका बोकाळला की १९८३ साली फ्लोरिडा प्रांताने त्याला बंदी करणारा कायदा केला. त्यावरून बोनिटो बोट्स व थंडर क्राफ्ट बोट्स या दोन कारखान्यांत वाद जुंपून तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २१ फेब्रुवारी १९८९ रोजी न्यायालयाने एकमताने प्रांताचा कायदा रद्द ठरविला. ज्या वस्तूवर पेटंट नाही आणि जी उघड बाजारात विकली गेली तिची नक्कल करण्यास प्रांताला आडकाठी करता येत नाही, असा न्यायमूर्ती ओकॉनर यांच्या निर्णयाचा आशय. पुढे १९९८ साली केंद्रीय कायदा होऊन नोंदविलेल्या आकृतीला दहा वर्षांचे संरक्षण मिळाले. न्यायालयाचा युक्तिवाद आम्हांस पटतो. सगळ्याच आकृत्यांना कुलुपे लागली असती तर आज गरीब कोळ्याच्या हाती चांगली होडी आली नसती. पण नक्कल करणे कायदेशीर असणे निराळे आणि नकलेला अस्सल म्हणून विकणे निराळे.

अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक होडीच्या मागच्या भिंतीवर उजवीकडे बारा अक्षरांचा क्रमांक घालणे सक्तीचे झाले. त्यांतील पहिली तीन अक्षरे कारखान्याची. पुतण्यांच्या होडीवर असा क्रमांक नव्हता, म्हणून ती त्यापूर्वीची असावी, इतके एक ठरले. कोन मोजण्याची साधी युक्ती आम्ही त्यांना कळविली. कण्यापासून आडवी पट्टी समतल धरावी, दोन फुटांवर पट्टी व तळ यांतील अंतर घ्यावे. ते पावणेअकरा इंचांच्या आसपास भरले तर कोन २४ अंश. भरले तितकेच. पुतणे हर्षित झाले. आम्ही लेव्हीची गोष्ट सांगून त्यांचा हर्ष आवरला.

मग छायाचित्रे पुन्हा पाहताना आमच्या दृष्टीस एक वर्तुळ पडले. मागच्या भिंतीपासून हातभर पुढे, पाण्याखालच्या भागी, रुपयाएवढा अगदी उथळ खळगा. जणू तेथे पूर्वी नळीसाठी भोक होते व कोणी ते बुजविले. पुतण्यांनी आतून त्या जागेचा रंग खरवडून पाहिला, तर काचेचे कापड अखंड, एकही धागा तुटलेला नाही. म्हणजे या होडीला तेथे भोक कधी पडलेलेच नव्हते. ते पडले होते तिच्या आईला. आईचे भोक लांबीने बुजविले, ते किंचित खचले, साच्यात त्याचा उंचवटा आला, आणि लेकीच्या अंगी पुन्हा खळगा. कारखान्यात घोटून केलेल्या लाकडी नमुन्याच्या अंगी बुजविलेल्या नळीची खूण असण्याचे कारण नाही. ती असते पाण्यात वापरलेल्या होडीच्या अंगी. त्याच गावातील एका सद्गृहस्थाने आपली अस्सल, कागदपत्रांसह होडी तपासू दिली. तिच्या तळाच्या पट्ट्या जागच्या जागी जुळल्या, वर्तुळ मात्र नव्हते. पुढे तीन महिन्यांनी शेजारच्या प्रांतात निराळ्याच नावाची, निराळ्याच रंगाची एक होडी पुतण्यांना आढळली. वाकून पाहतात तो त्याच जागी तेच वर्तुळ. दोघी एका साच्याच्या.

बाप सापडला, परंतु त्याने कन्येला आपले नाव दिलेले नव्हते. विकणाऱ्याने हात झटकले. त्यालाही दुसऱ्याने असेच सांगितले होते म्हणे. किंमत निम्म्याहून खाली आली. सूनबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि पुतण्यांना तेच अधिक लागले असावे. त्यांनी आम्हांस विचारले, ‘तुमच्या कुलवृत्तांतात असे कोणी निघाले तर तुम्ही काय लिहिता?’

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला. परंतु आमच्या घरी तोच प्रश्न वर्ष-दीड वर्ष चालू होता. १९१८ च्या तापाच्या साथीत, घाटावर येणाऱ्या वाटेवरील एका धर्मशाळेत, आमच्या पणजीबाईंना दोन-अडीच वर्षांचा एक मुलगा सापडला. सोबतची माणसे गेली होती; कोण, कोठली, हे सांगण्यास कोणी उरले नव्हते. त्यांनी त्याला घरी आणिले. आमच्याच गोत्रावर त्याची मुंज लाविली, लग्न करून दिले. त्याची नातवंडे-पतवंडे आज आमचे आडनाव लावतात व सुतक पाळतात. पहिल्या आवृत्तीत त्यांची शाखा नाही. या खेपेस त्या घरातील एका मुलीने पत्र लिहून विचारले, आम्ही कोठे आहोत?

आमचे वडीलबंधू आप्पा हे धर्मशास्त्र जाणणारे. ते म्हणाले, दत्तकाचा प्राण देणे व घेणे यांत आहे. होम राहिला तर चालतो. देणारा व घेणारा नसतील तर दत्तक नाही. १९५६ च्या कायद्यानेही देण्याघेण्याची अट ठेविलीच आहे. तेव्हा तो मुलगा आपल्या घरातील खरा, कुळातील नव्हे. आणि पुस्तकाचे नाव कुलवृत्तांत आहे. त्यांचे बोलणे निष्ठुर वाटेल; पण एकदा एक खोटी नोंद शिरली की साऱ्या ग्रंथावरचा विश्वास उडतो, हे त्यांचे भय आम्हांसही आहे.

होडीची हकीकत आम्ही आप्पांना सांगितली ती करमणूक म्हणून. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकिली, वर्तुळाचे छायाचित्र चष्मा काढून पाहिले, आणि म्हणाले की, येथे देणारा होता, त्याला विचारले नाही. काही वेळाने पुन्हा म्हणाले, ‘धर्मशाळेत विचारायला कोणी नव्हते.’ त्यापुढे ते काही बोलले नाहीत. आम्हीही विषय वाढविला नाही. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत हे उघड आहे, आणि मूल म्हणजे होडी नव्हे. परंतु नोंद कशी करावी हे त्या रात्री आम्हांस सुचले. शाखा द्यावयाची, आणि शिरोभागी घडले ते लिहावयाचे: जनक अज्ञात; १९१८ च्या साथीत या घरी आले; दत्तकविधान झालेले नाही; मुंज व विवाह याच घरी. मसुदा आप्पांकडे गेला. ‘घरी आलेले आश्रित’ असे आम्ही पुढे एके ठिकाणी लिहिले होते. परत आला तेव्हा ‘आश्रित’ या शब्दावर काट होती व त्यावर त्यांच्या थरथरत्या अक्षरात ‘मुलगा’ असे होते. बाकीचा मजकूर त्यांनी तसाच राहू दिला, ‘दत्तकविधान झालेले नाही’ या शब्दांसह.

पुतण्यांनी होडीबरोबर ठेवण्यासाठी एक कागद तयार केला आहे. मूळ आकृती कोणाची, कोणत्या होडीवरून बिनपरवानगी साचा घेतलेला दिसतो, कोन किती, वर्तुळ कोठे, आणि तोच साचा असलेली दुसरी होडी कोणत्या प्रांतात आहे. ती विकण्याचा विचार तूर्त त्यांनी सोडला आहे, कारण मागच्या भिंतीत भरलेले प्लायवुड पाणी मुरून कुजले असल्याचे आता दिसून आले. जुन्या फायबरग्लास होड्यांचा हा नेहमीचा रोग. काच कुजत नाही, परंतु तिच्या पोटी दडविलेले लाकूड कुजते. ते कोरून काढणे हे दोन-तीन महिन्यांचे काम. परवाच्या छायाचित्रात सूनबाई तोंडाला फडके बांधून, हातात छिन्नी घेऊन होडीच्या आत उभ्या आहेत, व मुले कुजक्या लाकडाच्या बादल्या उपसून नेत आहेत.